तुरीचा आडोसा

रविवार, २ जून

प्राचीने आज ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलत नाही. निदान लिहा तरी."

नोकरीत होतो तेव्हा रोजच लिहायचो, पण ते मोजणीचं. अमक्याचं शेत, तमक्याचा बांध, हद्दीचा दगड सापडला किंवा सापडला नाही. जन्म भूमी अभिलेख कार्यालयात गेला. घरातलं काय लिहायचं ते कुणी शिकवलं नाही.

तर घरातलं असं. प्राची आमची धाकटी. पुण्याला नोकरीला होती. एप्रिलमध्ये तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि आता तिथेच किमो चालू झाली आहे. पहिली झाली. दर तीन आठवड्यांनी जायचं, मधले दिवस इथे पुसदला आमच्याजवळ राहायचं. थोरला सलील बंगलोरहून रोज फोन करतो. माझी बायको रजनी धीराची आहे, ती सगळं सांभाळते. मी गाडी ठरवतो, औषधं आणतो.

सकाळी प्राची मागच्या अंगणात पेरूखाली खुर्ची टाकून बसली होती. थोड्याच वेळात आत आली. मागे पुंडलिकरावांचं घर आहे. मूळचे दिग्रसकडचे शेतकरी, नातवंडांच्या शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी इथे घर बांधून आले. शेती अजून करतात. मधे नुसती तार. त्यांच्या मागच्या ओट्यावर नळ, तिथे सकाळपासून धुणं, भांडी, येणाऱ्याजाणाऱ्या बाया. आमची खुर्ची त्यांना ताटात वाढल्यासारखी दिसते.

"मला मागे बसायचंय," प्राची म्हणाली, "पण कुणी बघायला नको."

मी म्हटलं, उद्याच मिस्त्रीला बोलावतो, पुरुषभर भिंत घालून टाकू.

"भिंत नको, बाबा. दवाखान्यात दिवसभर भिंतच बघते. झाडं लावा."

शनिवार, ८ जून

झाडं लावली. नर्सरीतून मेंदीची रोपं आणली, जास्वंद आणि अडुळसा आणला. सलीलचं म्हणणं बांबू लाव. त्याला म्हटलं, बांबूच्या मुळ्या हद्द मानत नाहीत, उद्या शेजाऱ्याच्या ओट्यातून कोंब निघाला तर भांडण तुझ्याकडे पाठवू का?

दोरी बांधून सरळ चर खणला. तारेपासून हातभर आत. आपली मुळं आपल्यात राहिलेली बरी. पुढे मेंदी, मागे जास्वंद, मग अडुळसा. इतकी सरळ ओळ कार्यालयातल्या पोरांनीही काढली नसती.

प्राची दारात उभी राहून बघत होती. मातीत हात घालायची तिला मनाई आहे. रजनीने विचारलं, "केवढी होतील ही? आणि केव्हा?"

मी म्हटलं, नीट पाणी दिलं तर दोन वर्षांत माणूस झाकेल.

दोघीही आत गेल्या. मला वाटतं ऊन फार होतं.

शनिवार, २२ जून

उशीवर केस यायला लागले होते. काल प्राचीने रजनीला सांगून उरलेले काढून घेतले. मी तेव्हा मेंदीला आळी करत होतो. आत गेलो तर ती डोक्याला ओढणी गुंडाळून बसली होती. मला म्हणाली, "बघा, हलकं वाटतंय." मी बरं म्हटलं.

आज संध्याकाळी वारा सुटला म्हणून ती मागे जाऊन बसली. ओढणी सरकली होती. पलीकडे पुंडलिकरावांची नात वैष्णवी, पाच वर्षांची असेल, तारेला धरून उभी राहिली आणि मोठ्याने ओरडली, "आजी व, हे काकू हाये का काका?"

ओट्यावर तिची आजी, लीलाबाई, आणखी दोघी बायांबरोबर बसली होती. त्या दोघी मान वर करून बघायला लागल्या. लीलाबाई धावत आली, पोरीचं बखोट धरून आत घेऊन गेली.

प्राची हसली. खरंच हसली, मी पाहिलं. मग उठून आत आली आणि खुर्ची बाहेरच राहिली.

मी बाजारात जाऊन हिरवी जाळी आणली. तारेच्या खांबांना बांधून टाकली. तात्पुरती सोय.

मंगळवार, २५ जून

जाळी वाऱ्याने फाटली. एक तुकडा पेरूवर अडकला आहे.

आणखी एक. सकाळी बघतो तर लीलाबाई तारेच्या पलीकडे कुदळीने खणत होती. तिथे तिची भेंडी होती, चांगली वीतभर वाढलेली. ती सगळी उपटून बाजूला टाकली होती आणि वरंबा ओढून त्यावर दाणे टोचत होती. मी विचारलं, काय लावता?

"तूर," म्हणाली.

"अंगणात तूर? तुमची वावरं आहेत ना तिकडे?"

"हावो. पण घरच्या घरी दाळ होईन म्हणलं भाऊ," असं म्हणून खाली मान घालून खणत राहिली.

एवढं मोठं अंगण सोडून नेमकी तारेला लागून. वाढती भेंडी उपटून कुणी तूर लावतं का? मी नोकरीत असे पुष्कळ पाहिले. आधी हद्दीवर पीक येतं, मग पीक हद्द होतं. लक्ष ठेवलं पाहिजे.

प्राची तीन दिवस झाले मागे गेलेली नाही.

रविवार, १४ जुलै

झड लागली होती. आपली काळी माती, एकदा पाणी धरलं की सोडत नाही. माझ्या सरळ चराची नाली झाली. मेंदीची रोपं पिवळी पडली, जास्वंदी दोन सोडून सगळ्या गेल्या, अडुळसा तेवढा तग धरून आहे. ओढून पाहिलं तर मुळं हातात आली, कुजलेली.

पलीकडची तूर वरंब्यावर आहे, तिला काही झालं नाही. वीतभर वर आली आहे. दाट पेरली आहे, शेतात इतकी दाट कुणी पेरत नाही. शेंगा काय धरतील!

मी परत रोपं आणली. या वेळी मीही वरंबा केला. दिवसभर लागला. तिसरी किमो होऊन प्राची खोलीत पडून होती, तिला अन्नाचा वास सहन होत नव्हता. रजनी म्हणाली, "झाडांपाशी किती बसाल? तिच्यापाशी बसा थोडं."

तिला विश्रांती हवी असते. मी गेलो की ती उठून बसते, बरी असल्यासारखं दाखवते. मग दोघंही दमतो.

रविवार, ४ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. चौथी किमो झाली.

पलीकडे हल्ली गडबड कमी झाली आहे. लीलाबाईने धुण्याचा दगड मागून उचलून पुढच्या दारात नेला. मागच्या नळाला काही झालं असेल. पुंडलिकरावांना विचारलं तर म्हणाले, "मले काय मालूम साहेब, बायकोनं सांगतलं, मी दगड उचलला. कंबर धरली माही." पुढच्या दारात रस्त्यावर बसून धुणं धुवायचं म्हणजे गैरसोयच. पण आपल्याला शांतता मिळाली.

प्राची पुन्हा मागे बसायला लागली आहे. खुर्ची नाही घेत, चटई टाकून बसते, तीही थेट तारेजवळ, माझ्या मेंदीला खेटून. मेंदी अजून पायाच्या घोट्याच्या वर गेलेली नाही, पण तिला आडोसा वाटतो म्हणजे श्रम वाया गेले नाहीत.

आज दुपारी तिच्या हसण्याचा आवाज आला. फोनवर मैत्रिणीशी बोलत असेल असं वाटलं. पण फोन तर दिवाणखान्यात चार्जिंगला होता. असेल काही आठवलं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

फार वाईट आठवडा गेला. ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या. रातोरात नागपूरला नेलं. गाडीत तिचं डोकं रजनीच्या मांडीवर होतं. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो आणि रस्ता बघत होतो. आर्णीपर्यंत मला काही दिसतच नव्हतं, धुकं आहे का म्हणून मी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, नाही काका.

आता घरी आणलं आहे. पाचवी किमो पुढे ढकलली.

मी गेल्यावर झाडांचं काय झालं असेल असं वाटत होतं. पण आळ्यांत पाणी होतं, तण काढलेलं होतं. पावसाने पाणी मिळालं असणार. तण कसं निघालं ते कळलं नाही. रजनीनेच जायच्या घाईत काढलं असेल. तिचा हात कुठे कुठे फिरत असतो.

सोमवार, २ सप्टेंबर

आज पोळा. रस्त्यावरून बैल गेले, झुली, घुंगरं. प्राची खिडकीशी आली नाही.

ती जाणार नाही म्हणते. पाचवी नको, सहावीही नको. "जे व्हायचं ते होऊ दे. मला परत ते नको." सलील फोनवर तासभर बोलला. डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. रजनी रडली. मी कागद घेऊन तिला समजावलं, चार झाल्या म्हणजे डोंगर चढून झाला, दोनच राहिल्या. तिने कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्या शेताचं माप नाहीये."

मी मागे येऊन अडुळसा छाटला. छाटायला काही नव्हतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

जाते म्हणाली!

दुपारी तशीच मागे जाऊन चटईवर बसली होती. आम्ही कुणी गेलो नाही. चांगली दोन-तीन तास बसली. मग आत आली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "बाबा, उद्याची गाडी सांगा."

मी कारण विचारलं नाही. पण माझ्या लक्षात आलं. आजच जास्वंदीला पहिलं फूल आलं आहे, लाल, तिच्या चटईच्या अगदी समोर. झाडाचं फूल बघून माणसाला उभारी येते. रजनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "असेल हो."

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सहावीही झाली, देवाची कृपा. आता दिवाळीनंतर नागपूरला राहून शेक घ्यायचा, रेडिएशनचा. मग सुट्टी.

पलीकडची तूर माझ्या डोक्याच्या वर गेली. पिवळ्या फुलांनी भरली आहे. इकडून तिकडचं काही दिसत नाही, नुसता हिरवा पडदा. त्या सावलीने माझी मेंदी खुरटली, गुडघ्याएवढी पण नाही. मी टेप काढून हद्द मोजली. तूर पूर्णपणे त्यांच्या बाजूला आहे, चांगली हातभर आत. म्हणजे तक्रारीला जागा नाही.

लीलाबाई सोनं द्यायला आली. तिला सांगितलं, तूर फार दाट झाली तुमची, उजेड अडतो.

"लय अडते काय भाऊ?" तिने प्राचीकडे बघितलं.

"काही नाही अडत," प्राचीच बोलली. "राहू द्या काकू."

प्राचीने तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. लीलाबाईने तिच्या टाळूवर, स्कार्फवरून हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेजाऱ्यांशी इतकं बरं आहे हे पाहून समाधान वाटलं.

रविवार, १५ डिसेंबर

नागपूरहून परत आलो. प्राचीची कातडी शेकाने काळवंडली आहे पण ती जेवते. डोक्यावर कोवळी लव आली आहे, रजनी म्हणते बाळाच्या जावळासारखी. मी पाहिली नाही. ती स्कार्फ काढत नाही, घरातही नाही.

येताना सगळीकडे तुरीची सोंगणी चालू होती. शेतं मोकळी व्हायला लागली. लीलाबाईची अंगणातली तशीच उभी.

रविवार, १२ जानेवारी

ही तूर कापत का नाहीत? पार वाळली आहे. दुपारच्या उन्हात शेंगा तडतड उलतात, दाणे खाली पडतात. पोपटांचे थवे येतात. जन्मभर शेती केलेली माणसं, आणि दाणा डोळ्यांदेखत मातीत चालला आहे.

आज पुंडलिकरावांकडे गेलोच. म्हटलं, माझं काही नाही, पण पीक वाया चाललंय.

ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते. "मले कायले सांगता साहेब? म्या तीनदा इळा काढला. बायको हात लावू देत नाई. म्हणे, पोरगी सांगन तवा कापाची."

"कोण पोरगी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तंबाखू तोंडात टाकली आणि मान हलवली. "राहू द्या. च्या घ्या."

चहा घेऊन आलो. त्यांची मुलगी उमरखेडला दिली आहे, संक्रांतीला येणार असेल. तिची वाट बघत असतील.

मंगळवार, २१ जानेवारी

रिपोर्ट आले. कुठे काही नाही. स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या.

मी दवाखान्याच्या बाहेर येऊन रसवंतीवर उभा राहिलो. रसवाल्याने विचारलं, बर्फ टाकू का? प्राची मागून आली, तिने सांगितलं, "तीन ग्लास, बिनाबर्फाचे." आणि माझा हात धरून उभी राहिली. ती पाचवीत असताना शेवटचा धरला असेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवतो.

सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर मागून विळ्याचा आवाज. बघतो तर तुरीत मोठं खिंडार पडलेलं. पलीकडून लीलाबाई कापत होती आणि अलीकडून, आमच्या तारेतून वाकून, प्राची. डोक्याला काही नाही. स्कार्फ तारेवर टांगलेला. केस बोटाच्या पेराएवढे, दाट, जरा कुरळे. तिचे केस कधी कुरळे नव्हते.

मी म्हटलं, "अगं, विळा लागेल. आणि अशी उघडी—"

"बाबा, मीच सांगितलं काकूंना. कापा म्हटलं आता."

मला पुंडलिकरावांचं बोलणं आठवलं. मी उभ्या जागी विचारलं, "म्हणजे ती पोरगी तू?"

प्राची विळा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मग तिने सांगितलं, आणि लीलाबाई मधेमधे "राहू दे ना व" म्हणत राहिली. वैष्णवी ओरडली त्या दिवशी लीलाबाई आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी नसताना, रजनीकडे आली. म्हणाली, "बाई, साहेबाची झाडं मोठी होईस्तोवर पोरीनं का घरातच बसाचं? माह्याच ओट्यावरून दिसते ना? मंग मीच आडोसा करतो. तुरीइतकं लवकर काई वाढत नाई." म्हणून भेंडी उपटली. म्हणून दगड पुढच्या दारात गेला. आम्ही नागपूरला असताना माझ्या मेंदीतलं तण तिनेच काढलं. आणि ऑगस्टपासून रोज दुपारी ती तुरीच्या त्या बाजूला बसायची, प्राची या बाजूला. दोघी एकमेकींना न दिसता बोलायच्या.

रजनीला सगळं माहीत होतं. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही टेप घेऊन फिरत होतात," ती म्हणाली.

मी प्राचीला विचारलं, "आणि पोळ्याच्या वेळी? तू जायला तयार झालीस ते..."

"काकूंनी मला जा म्हटलं नाही. घरादारात तेवढी एकच होती. मी म्हटलं, काकू, मी नाही जात. तर म्हणाली, नको जाऊ. मग मी रडले, आणि ती तिकडे बसून राहिली. रडून झाल्यावर मलाच वाटलं, जावं."

मी जास्वंदीचं फूल समजून बसलो होतो. लीलाबाईला काहीतरी म्हणायला हवं होतं. तारेपाशी गेलो आणि म्हटलं, "तुमचा निम्मा दाणा मातीत गेला."

"जाऊ द्या भाऊ. पोपटाईनं खाल्ला, त्याईचंही पोट हाये."

मग मी आत जाऊन जुना शर्ट घातला, तार वाकवली आणि पलीकडे गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगणात मागच्या बाजूने गेलो असेन. मोळ्या बांधल्या. पुंडलिकराव काठी घेऊन आले. त्यांच्या ओट्यासमोर ताडपत्री अंथरून तूर बडवली. मला धड बडवता येत नव्हतं, शेंगा उडून बाजूच्या रस्त्यापर्यंत जात होत्या. पुंडलिकराव म्हणाले, "साहेब, हळू. हे सरकारी काम नाई." प्राची खाली वाकून दाणे गोळा करत होती, आणि मी इतकी धूळ आणि कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडवला की तिला शिंका यायला लागल्या.

दोन्ही अंगणं आता एक झाल्यासारखी दिसतात. आमच्या पेरूपासून त्यांच्या चुलीपर्यंत सगळं मोकळं. रस्त्याने जाणाऱ्या दोघी बाया थांबून प्राचीकडे बघून गेल्या. तिने मान वर केली, त्यांना बघितलं आणि परत दाणे वेचायला लागली.

मी विचारलं, "या पावसाळ्यात परत तूर लावायची का?"

"भेंडी लावू द्या काकूंना," ती म्हणाली.

काम उरकत आलं तेव्हा लीलाबाई एकदम म्हणाली, "थांब व माय, हालू नको. केसात कुटार अडकलं तुह्या."

प्राची तशीच थांबली. "काय म्हणालात?"

"कुटार व. केसात अडकलं."

प्राची खाली बसली. लीलाबाई तिच्या मागे बसली आणि तिचं डोकं उजेडाकडे वळवून एकेक काडी बोटांनी काढायला लागली. प्राचीचे डोळे मिटलेले होते. पुंडलिकरावांनी काठी टेकवून ठेवली.

मी घरात गेलो. रजनी भाकरी थापत होती. तिला सांगितलं, "प्राचीच्या केसांत कुटार अडकलंय."

तिला आधी कळलं नाही. मग म्हणाली, "केसांत?" तवा गॅसवर तसाच राहिला, पिठाचे हात तसेच, ती धावत बघायला गेली. तिच्या मागून मीही.